पावनखिंडीची वाट डिसेंबरातही चालावी

गडकोटांची आवड असलेली मराठी माणसे आता आधी फोनवर भेटतात. कुणी ठाण्यात, कुणी बेळगावात, कुणी बंगळुरूत, कुणी थेट न्यू जर्सीत. नकाशे, बखरींतले उल्लेख, ढासळलेल्या बुरुजांचे फोटो यांवर वर्षानुवर्षे चर्चा रंगते, कडाक्याचे वादही होतात, आणि समोरच्याचा चेहरा मात्र डीपीपुरताच ठाऊक असतो. मग कधीतरी ‘आता भेटायचंच’ असे ठरते आणि बहुतेकदा मुहूर्त निघतो जुलैचा, पन्हाळा ते पावनखिंड. अशा मैत्रीला पक्की करायला एकत्र चालण्यासारखा दुसरा उपाय नाही आणि त्यासाठी कोल्हापूरच्या डोंगरांसारखी जागा नाही, हे मला मनापासून पटते. पण ऋतू बदलायला हवा. ही भेट डिसेंबर-जानेवारीत व्हावी.

जुलैत या वाटेवर नेमके काय घडते ते पाहा. शेजारचा गगनबावडा तालुका राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे. त्याच ढगांखाली पन्हाळा आणि शाहूवाडीचे डोंगर असतात. मसाई पठारावर धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, ढोरवाटा आणि पायवाट यांतला फरक कळत नाही. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी असा सगळा चिखलाचा रस्ता. डोक्यावर रेनकोटची टोपी, नजर पुढच्याच्या टाचेवर, आणि मागून रेटा. शेकडो माणसांच्या त्या रांगेत बोलणे म्हणजे ओरडणे. दोन दिवस बरोबर चालूनही शेजारच्याचे नाव विचारायला सवड मिळत नाही. जानेवारीत कोल्हापुरात पहाटे तापमान चौदा-पंधरा अंशांवर असते आणि दुपारी तीसच्या आसपास. डोंगरावर पहाटे स्वेटर लागतो आणि दहा वाजता तो सॅकमध्ये जातो. पठारावर गवत पिवळे पडलेले असते, जांभ्याचा सडा कोरडा, पायाला धरणारा. वळून पाहिले की मागे पन्हाळा दिसतो, पुढे एकामागून एक सोंडा दिसतात आणि किती अंतर काटायचे आहे याचा अंदाज येतो. जोडीने चालता येते, थांबता येते, वाद पुन्हा काढता येतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो भावनेचा, आणि तो मोलाचा आहे. 12 जुलै 1660 च्या रात्री पन्हाळ्याचा सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज भर पावसात विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद, बाजीप्रभू आणि बांदलांनी प्राण दिले ते त्याच पावसात. त्या तिथीला, त्याच चिखलातून चालणे हे वंदन आहे, सहल नव्हे. अगदी मान्य. कोल्हापुरातल्या संस्था वर्षानुवर्षे निष्ठेने ही मोहीम चालवतात आणि ती जुलैतच चालली पाहिजे. पण म्हणूनच ज्यांचा मुख्य हेतू एकमेकांना भेटण्याचा आहे, त्यांनी त्या गर्दीत भर घालू नये. शिवाय धुक्यात न दिसणारी एक गोष्ट हिवाळ्यात स्वच्छ दिसते: भूगोल. पांढरपाण्याकडून खिंडीत उतरताना दोन्ही बाजूंचे उतार, मधली अरुंद घळ आणि विशाळगडाची दिशा एका नजरेत आली, की मोजक्या माणसांनी मोठी फौज तिथेच का अडवली हे समजते. हे समजून घेणे हाही आदरच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो विशेषतः मुलींच्या घरून येतो. फोनवरच्या अनोळखी माणसांबरोबर डोंगरात मुक्काम? ही काळजी उडवून लावण्यासारखी मुळीच नाही. मात्र अनोळखी माणसांबरोबर दिवसेंदिवस चालण्याचा अनुभव महाराष्ट्राइतका फार थोड्या समाजांकडे असेल. वारीत लाखो लोक, त्यांत हजारो एकट्या बायका, परक्यांबरोबर चालतात. ते केवळ श्रद्धेच्या बळावर चालत नाही. पालखीतल्या दिंडीला क्रमांक असतो, सोहळ्यात तिची जागा ठरलेली असते, वीणेकरी असतो, मुक्कामाची जागा आधी माहीत असते, आणि कोण आले, कोण मागे राहिले हे बघणारा माणूस असतो. फोनवरून जमलेल्या ग्रुपमध्ये नेमके हेच नसते. ॲडमिन असतो, पण जबाबदार माणूस नसतो. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, त्यात आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आहेत. पण ‘आम्ही मित्रमित्र चाललोय’ म्हणणारे स्वतःला आयोजक मानत नाहीत. तेव्हा शिस्त आपली आपणच लावून घ्यावी लागेल. संख्या बारा-पंधराच्या वर नको. पहिली भेट डोंगरात नव्हे, कोल्हापूर शहरात, भर दिवसा, मिसळीच्या टेबलावर व्हावी. एखादा नको वाटला तर तिथूनच परत फिरण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी, आणि ती वापरणाऱ्याला कुणी कारण विचारू नये. सर्वांची नावे, वाट आणि मुक्कामाचे घर घरच्यांकडे लिहून असावे. मुक्काम तंबूत नव्हे, वाडीत. जिथे घरातली बाई भाकरी थापते, रात्री ओसरीवर म्हातारी माणसे असतात आणि कोण कुठे झोपले हे चार जणांना ठाऊक असते. पावसाळी मोहिमेच्या गर्दीत हे जमणे कठीण. हिवाळ्यात, लहान ग्रुपला, सहज जमते.

वाडीचा विचार आणखी एका कारणासाठी करावा लागतो. जुलैच्या गर्दीतून या वस्त्यांना मिळते ते थोड्या दिवसांचे काम आणि वर्षभर पुरणारा प्लॅस्टिकचा कचरा. डिसेंबरपर्यंत भाताची मळणी उरकलेली असते, खाली गुऱ्हाळे सुरू असतात, आणि ऊसतोडीला न गेलेल्या घरांना दर शनिवार-रविवारी दहा-बारा पाहुण्यांचे जेवण करणे परवडते. खर्डा, भाकरी, दही, ताजी काकवी. यासाठी वेगळे हॉटेल बांधावे लागत नाही. पन्हाळा जुलै 2025 मध्ये इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. गर्दी आता वाढणारच आहे. ती दोन-चार आठवड्यांत कोंबायची की चार महिन्यांत विभागायची, हे अजून आपल्या हातात आहे.

हिवाळा मात्र निर्धोक आहे असे कुणी समजू नये. त्याचे धोके निराळे आहेत. झरे आटू लागतात, पाणी पाठीवर वाहावे लागते. कड्यांवर आग्या मोहोळ असते. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी ते उठते. आणि सर्वांत मोठा धोका वणव्याचा. 11 मार्च 2018 ला तमिळनाडूत थेनीजवळच्या कुरंगणीच्या डोंगरात वाळल्या गवताला लागलेल्या आगीत ट्रेकर सापडले आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. म्हणून या भटकंतीची हद्द जानेवारीअखेर धरावी, शेकोटी आणि चूल जंगलात पेटवूच नये, सिगारेट तर नाहीच. मसाई पठार 2022 पासून संवर्धन राखीव आहे. तिथले गवत हे आपल्या फोटोची पार्श्वभूमी नाही, गुरांचा आणि गव्यांचा चारा आहे. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. तिकडचीच हौस असेल तर पाटगावपुढचा रांगणा आहे, पण वाटाड्या घेऊनच.

परदेशी राहणारी मुले नाताळच्या सुट्टीत घरी येतात तीही याच दिवसांत. तिकडचा बर्फ मागे टाकून आलेल्या माणसाला इथले ऊन आवडते आणि ज्यांच्याशी तो रात्री जागून बोलतो ती माणसे इथेच असतात. जिल्हा परिषद, वनखाते आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींनी या हिवाळी भेटींसाठी फार काही करायला नको: मुक्काम देणाऱ्या घरांची आणि वाटाड्यांची फोन नंबरांसह यादी, ढोरवाटा फुटतात तिथे दगडावर रंगाचे बाण, पाण्याच्या जागांच्या खुणा, आणि पांढरपाण्याहून परतीच्या एसटीची खात्रीची वेळ. येत्या नोव्हेंबरपूर्वी एवढे सहज होऊ शकते.