पाटा सांगून तुटतो, आर्म नाही

उमरखेड तालुक्यात गाडी चालवणाऱ्याला रस्त्याची दोन रूपे ठाऊक असतात. नागपूर-तुळजापूर महामार्गावर चाक निवांत पळते. तिथून बंदी भागाकडे, पैनगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांकडे वळले की काळ्या मातीचा चिखल, चिखलाखाली दडलेला दगड आणि मध्येच आडवा येणारा नाला. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. काल सपाट असलेल्या जागी आज चाक रुतते. अशा मुलखात चारचाकी उंच करून घ्यावी, चाके मोठी बसवावीत आणि त्याला लागणारे सस्पेन्शनचे आर्म ओळखीच्या फॅब्रिकेटरकडूनच बनवून घ्यावेत, असे गाडीमालकाला वाटले तर नवल नाही. फॅब्रिकेटरलाही ते काम अवघड वाटत नाही. पाइप आहे, ग्राइंडर आहे, सीओटू मशीन आहे, नमुन्याला जुना आर्म समोर पडला आहे. कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपचे हेच चित्र आहे, आणि या मासिकाला काळजी वाटते ती नेमकी त्या सोपेपणाची.

आपल्याकडच्या गॅरेजांचा हात पाट्यांवर बसलेला आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपला पुढे-मागे दोन्हीकडे कमानपाटेच होते. खेड्यापाड्यांत ही जीप टिकली त्याचे मोठे श्रेय या पाट्यांना जाते. पाटा तुटला तर यू-बोल्ट खोलायचे, दुसरा घालायचा, पुन्हा कसायचे. पुढे १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. तिच्या पुढच्या चाकांना डबल विशबोन आणि टॉर्शन बार होते. महिंद्राच्याच २०१० च्या थारमध्ये पुढचे पाटे गेले, २०२० च्या थारमध्ये मागचेही; मागे आता लिंक आणि कॉइल स्प्रिंग आहेत. पुण्याच्या फोर्सची गुरखाही २०२१ मध्ये पुढून डबल विशबोनवर आली. गाडी बदलली, पण कारागिराची सवय पाट्याच्या काळातली राहिली.

पाटे एकावर एक असतात. एखादा तुटला तरी बाकीचे भार धरतात, गाडी एका बाजूला कलते, कुरकुरते आणि ड्रायव्हर गॅरेज गाठतो. आर्मला असा सोबती नसतो. खालचा आर्म तुटला की चाक जागेवरून सुटते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. शिवाय मागच्या लिंकवर ब्रेकचा ताण येतो तो नेमका उतारावर, गाडी भरलेली असताना. म्हणून पाट्याच्या कामात चालून गेलेली प्रत्येक सवय आर्मच्या कामात पुन्हा तपासून पाहायला हवी.

त्यातली सर्वांत वाईट सवय जुन्या पाट्याच्या तुकड्याची. मोडलेला पाटा चिवट आणि कडक असतो, फुकट मिळतो, म्हणून तो कापून आर्मचा ब्रॅकेट केला जातो. पण पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. त्यावर थेट वेल्ड मारले की वेल्डलगतची पट्टी झपाट्याने थंड होते आणि काचेसारखी ठिसूळ बनते. वरून वेल्ड देखणे दिसते, ग्राइंडर मारून चकचकीतही होते, आणि पहिल्या मोठ्या दणक्याला ब्रॅकेट निखळून हातात येतो. ब्रॅकेटला साधी माइल्ड स्टीलची जाड प्लेट पुरते. नळाचा जीआय पाइपही आर्मसाठी टाळावा. तो पाणी वाहून नेण्यासाठी बनलेला असतो, आणि त्याच्या जस्ताचा धूर वेल्डरला रात्री ताप आणतो. गाड्यांसाठीच्या पोलादी नळ्यांचे आयएस ३०७४ हे वेगळे मानक आहे. दुकानदाराकडे तेच मागावे आणि बिलावर लिहूनही घ्यावे.

नळी निवडताना दुसरी चूक होते ती जाडीची. आर्म वाकला की उत्तर ठरलेले असते, पुढच्या वेळी जाड पाइप घ्यायचा. इथे पाच मिनिटांचा हिशेब डोळे उघडतो. ३२ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची नळी मीटरला साधारण २.१५ किलो भरते. तीच ४ मिमी जाडीची घेतली तर वजन २९ टक्क्यांनी वाढते आणि वाकण्याविरुद्धची ताकद फक्त २१ टक्क्यांनी. त्याऐवजी जाडी ३ मिमीच ठेवून व्यास ३८ मिमी केला तर वजन २१ टक्क्यांनीच वाढते, पण ताकद ४७ टक्क्यांहून जास्त आणि कडकपणा पाऊणपट अधिक. चाकाशेजारी जागा असेल तिथे व्यास वाढवावा. आर्मचा प्रत्येक वाढीव किलो चाकाबरोबर खालीवर नाचतो आणि शॉक अॅब्सॉर्बरला तो आवरावा लागतो, हे विसरू नये.

लांबीचा हिशेबही कागदावर आधी व्हावा. ३०० मिमीचा आडवा आर्म चाकाकडे ५० मिमी खाली झुकला की कोन साडेनऊ अंशांच्या आसपास होतो आणि त्याचे टोक सुमारे ४ मिमी आत सरकते. एवढ्याने कॅम्बर, कॅस्टर आणि टो तिन्ही हलतात. बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट रोजच्या कोनाबाहेर काम करू लागतात. केवळ उंची मिळाली म्हणून खूश झालेला मालक तीन महिन्यांनी एका कडेने झिजलेला टायर घेऊन परत येतो.

हातातल्या कामात सगळ्यात जास्त बिघाड उष्णतेने होतो. बुशचे कडे आर्मला जोडताना वेल्ड एका बाजूने ओढते आणि गोल भोक अंडाकृती होते. मग बुश एकतर शिरत नाही, किंवा हाताने शिरतो, आणि हाताने शिरणारा बुश महिन्याभरात खडखडतो. जाणता कारागीर कड्यात पक्का मँड्रेल बसवून टॅक मारतो, समोरासमोरच्या बाजूंनी थोडे थोडे वेल्ड करतो, आर्म जिगवरच गार होऊ देतो आणि शेवटचे बोअरिंग लेथवर वेल्डिंगनंतरच करून घेतो. बॉल जॉइंट आत असताना त्याच्या घरावर वेल्ड मारणे तर कधीच नको. आतली सीट आणि ग्रीस जळते, आणि पिनला कारखान्यात दिलेला कडकपणा उतरतो.

तुटलेला आर्म भंगारात टाकण्याआधी एकदा उजेडात धरून पाहावा. तुटलेल्या तोंडाचा एक भाग बहुधा काळपट, गंजलेला, बऱ्यापैकी गुळगुळीत असतो आणि त्यावर शिंपल्यावरच्या वळ्यांसारख्या रेषा असतात. उरलेला भाग खरखरीत, ताजा, चमकणारा. गंजलेला भाग अनेक दिवस हळूहळू सरकत गेलेल्या तड्याचा, चमकणारा शेवटच्या क्षणाचा. शिंपल्याच्या त्या वळ्या जिथून सुरू होतात ती जागा बोटाने चाचपली तर बहुतेक वेळा वेल्डची कड लागते, आणि तिथे अंडरकटची बारीक खाच. याचा अर्थ आर्मही सूचना देत होता, फक्त ती ऐकू येणारी नव्हती. साध्या डाय पेनेट्रंटच्या लाल रंगाने ती दिसली असती. दर सर्व्हिसिंगला वेल्डच्या कडा घासून, पुसून हा रंग लावून पाहायला अर्धा तासही लागत नाही.

इथे मालकाशी दोन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. पहिली नाल्याची. २८ सप्टेंबर २०२१ रोजी याच तालुक्यात दहागावच्या नाल्याला आलेल्या पुरात एसटीची बस वाहून गेली आणि माणसे दगावली. बसच्या वजनापुढे उंच केलेली जीप काहीच नाही. सस्पेन्शन बदलून दोन इंच उंची मिळते, पूर ओलांडण्याची ताकद मिळत नाही. दुसरी कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. स्पर्धेसाठी किंवा शेतातल्या खासगी वाटेसाठी बांधलेली गाडी ट्रेलरवरून न्यावी, हे काम घेतानाच सांगितलेले बरे.

शिकण्यासाठी फार लांब जायला नको. भारतात २००७ पासून होणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी चिखल-दगडांतून धावणारी छोटी गाडी स्वतः बांधतात, आर्मसकट. तिच्या पिंजऱ्याच्या नळीत किमान ०.१८ टक्के कार्बन हवा असा नियम आहे, आणि वेल्डरला त्याच नळीचे दोन नमुने करून द्यावे लागतात. एक मोडून पाहायचा, दुसरा उभा चिरून वेल्ड किती आत गेले ते दाखवायचे. ही पद्धत उद्यापासून कोणत्याही वर्कशॉपमध्ये सुरू करता येईल. नवीन नळी आली की हातभर तुकडा बाजूला काढायचा, टी-जोड वेल्ड करायचा, हॅकसॉने चिरायचा, पॉलिश पेपरने घासायचा. वेल्ड नुसते वर बसले आहे की मुळापर्यंत पोचले आहे, ते डोळ्यांना दिसते. शेजारी पुसदला १९८३ पासून बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. फिटर आणि वेल्डर घडवणाऱ्या आयटीआय तर राज्यभर आहेत. हिशेब करू शकणारी मुले आणि हात तयार असलेले कारागीर एकाच जिल्ह्यात असून एकमेकांना भेटत नाहीत, हे या मासिकाला मनापासून खटकते.

आणि शेवटी, प्रत्येक आर्मवर बनवणाऱ्याची खूण हवी. वहीत अनुक्रमांक, गाडी, तारीख, नळीचा व्यास आणि जाडी, कोणता रॉड किंवा वायर वापरली, वेल्ड कोणी मारले, एवढे लिहावे आणि तोच अनुक्रमांक आर्मवर असावा. सहा महिन्यांनी तो आर्म तपासणीला परतला की ती वही उघडून पाहता येते आणि पुढचा आर्म सुधारतो. फक्त हा अनुक्रमांक पंचने नळीच्या अंगावर ठोकू नये, कारण त्या ठोक्याच्या खाचेतूनही तडा निघू शकतो. पातळ पत्र्याची चकती करून बोल्टाखाली अडकवावी, किंवा बुशच्या जाड कड्याच्या बाजूला, वेल्डपासून दूर, तो हलक्या हाताने उमटवावा.