अंगठ्याचा खेळ की मनगटाचा?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम निघतो. मुलगा हौसेने तो टीव्हीला जोडतो आणि एकेकाळी त्याच्याबरोबर तासन्‌तास खेळलेले आजोबा पाच मिनिटांत रिमोट बाजूला ठेवतात. 'आता डोळे साथ देत नाहीत,' असे ते म्हणतात. पुष्कळदा दोष डोळ्यांचा नसतो. दुखते ते अंगठ्याचे मूळ.

निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' आणला. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेले कितीतरी खेळ त्याच्याच नकला होत्या. त्या चपट्या रिमोटवर सारे काम दोन अंगठ्यांनी करावयाचे. अंगठ्याच्या टोकाने चिमटीचा जोर लावला की त्याच्या कित्येक पटींनी भार मुळाशी असलेल्या सांध्यावर पडतो, आणि उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, झिजणाऱ्या सांध्यांपैकी हा एक प्रमुख. त्यातच जुन्या बटणांखालचे रबर खराब झालेले असते. मग माणूस नकळत अधिकच जोराने दाबतो. १९७७ सालच्या अटारीच्या जॉयस्टिकला दांडा आहे खरा. परंतु तिचा चौकोनी तळ दुसऱ्या हाताने आवळून धरावा लागतो.

आर्केडमधील यंत्रांच्या धर्तीवर नव्याने बनविलेल्या जॉयस्टिकची गोष्ट वेगळी. ती टेबलावर ठेवावयाची असते. दांड्यावरचा गोळा साधारण ३५ मिलिमीटरचा, बटणे ३० मिलिमीटरची. गोळ्यावर हात सैल ठेवला तरी चालतो. हालचाल मनगट आणि कोपर वाटून घेतात. बटण दोन बोटांनी, प्रसंगी तळव्यानेही दाबता येते. मात्र स्वस्तातल्या पोकळ, हलक्या जॉयस्टिक घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानातच ती टेबलावर ठेवून दांडा ढकलून पाहा. सरकली, तर दुसरा हात तिला धरण्यातच गुंतेल. (बटणांचा खटखटाट दुपारच्या झोपेला मानवत नाही, हेही ओघाने सांगतो.)

पक्षाघातानंतर एक हात दुर्बळ झाला असल्यास १९८० सालचा 'पॅक-मॅन' निवडा. त्यात खेळताना बटण लागतच नाही, केवळ दांडा पुरतो. अन्य खेळांत दांडा आजोबांनी सांभाळावा, बटणे नातीने. अशा भागीदारीत भांडणे होतात, होऊ द्यावीत.

पंधरा-वीस मिनिटांनी हात मोकळे करावेत. खेळ थांबवून दोन तास उलटले तरी वेदना टिकून असेल, तर पुढच्या वेळी अवधी कमी करावा. सांधा सुजला किंवा बोटे बधिर झाली, तर डॉक्टरांना दाखवावे.

खरेदीपूर्वी तारेचे टोक अवश्य पाहा. नव्या जॉयस्टिकला बहुधा यूएसबी असते, ती माळ्यावरच्या यंत्रात बसत नाही; आणि मूळ फॅमिकॉमचे रिमोट तर यंत्रालाच कायमचे जोडलेले असत. तरीही जुना रिमोट भंगारात देऊ नका. नवा खेळ चालू असताना आजोबा तो मांडीवर घेऊन बसतील.