मोबाइल मनोरे आणि रक्तपेशी : ठरावापेक्षा मोजमाप महत्त्वाचे

दारव्हा - शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा उभा राहू लागला, की दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावीही पहिला प्रश्न आरोग्याचा निघतो. सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ ग्रामपंचायतीने याच भीतीपोटी मनोऱ्याला विरोध करणारा ठराव केला होता. मनोऱ्याच्या प्रारणामुळे कर्करोग होतो, याला शास्त्रीय पुरावा नसल्याचे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने २०२२च्या अखेरीस तो रद्द ठरविला. कायद्याचा प्रश्न तेथे सुटला. विज्ञानाचा मात्र अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

सूक्ष्मलहरी क्ष-किरणांसारख्या अणूतील इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत. तीव्र प्रारणाने ऊती तापतात, एवढा परिणाम निर्विवाद आहे व सुरक्षिततेच्या मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत. वाद आहे तो ऊब जाणवणार नाही इतक्या क्षीण लहरींचा. अशा लहरींमुळे रक्तातील पांढऱ्या पेशींत, पर्यायाने रोगप्रतिकारशक्तीत बदल होतो काय?

मिझोराममधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मनोऱ्यापासून ८० मीटरच्या आत राहणाऱ्या ४० जणांच्या रक्ताची तुलना ३०० मीटर दूर राहणाऱ्या ४० जणांशी केली. जवळच्या रहिवाशांच्या लसिकापेशींत जनुकीय हानीच्या खुणा अधिक आढळल्या. विशेष म्हणजे तेथील प्रारण सरकारी मर्यादेपेक्षा पुष्कळच कमी होते. मात्र ८० जणांवरून सर्वसाधारण निष्कर्ष निघत नाही आणि पेशीतील खूण म्हणजे आजार नव्हे.

अशा निष्कर्षांची कसोटी लागते ती पुनरावृत्तीत. सूक्ष्मलहरींमुळे उंदरांची प्रतिकारयंत्रणा बिघडते, असा दावा सोव्हिएत शास्त्रज्ञांनी केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तेच प्रयोग मॉस्को व फ्रान्समधील बोर्दो येथे पुन्हा झाले. २००९-१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मॉस्कोच्या गटाला काही परिणाम दिसले, बोर्दोच्या गटाला दिसले नाहीत. या प्रयोगांतील तीव्रता प्रति चौरस मीटर ५ वॅट होती. त्याच वारंवारितेसाठी भारताने २०१२ मध्ये ठरविलेली मर्यादा १ वॅट होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकले. याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, असा होतो. धोका सिद्ध झाला, असा नव्हे. याच संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या २०२४ मधील आढाव्यात मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. रक्तपेशींतील जनुकीय हानीच्या खुणा हा मात्र त्याचा विषय नव्हता.

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती ४.५ वरून ०.४५ वॅटवर आली. कागदावरील ही मर्यादा प्रत्यक्षात पाळली जाते की नाही, हे जाणण्यासाठी दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये 'तरंग संचार' संकेतस्थळ सुरू केले. ४ हजार रुपये शुल्क भरून प्रारण मोजून घेण्याची सोयही तेव्हा ठेवण्यात आली. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम परवडणारी नाही. स्थानिक संस्थांनी हा भार उचलावयास हवा. भीतीपोटी केलेला ठराव न्यायालयात टिकला नाही. मोजून हाती आलेला आकडा मात्र सहजी नाकारता येणार नाही.