डोंगल कोणाच्या पिशवीत आहे?



या पत्रकात आपण नेहमी जमिनीबद्दल लिहितो. दावे, अपील, मोजणी, वनखात्याची नोटीस. ते लिहायलाच पाहिजे. पण या वेळी मी ग्रामपंचायतीच्या खरेदीबद्दल लिहिणार आहे. आपल्यातले जुने कार्यकर्ते मला म्हणाले, "बाई, पैशाच्या मागे लागलो की संघटना फुटते. सरपंचाचं सरपंच बघेल, आपण जंगल बघू." त्यांचं वय आणि त्यांनी खाल्लेल्या काठ्या मला माहीत आहेत, म्हणून तिथे उलट बोलले नाही. इथे लिहिते. मला त्यांचं म्हणणं पटत नाही.

आमच्या गटग्रामपंचायतीत नऊ पाडे आहेत. आमच्या पाड्यावर चार सोलर दिव्यांचे खांब उभे केले. पहिल्या पावसात दोन विझले, दुसऱ्या दिवाळीला तिसरा. आता एक जळतो, तोही शाळेच्या मागे, जिथे रात्री कोणी जात नाही. आणि बाया पाणी आणायला पहाटे ज्या उतारावरून जातात तिथे खांबच नाही. मी विचारलं, ही जागा कोणी ठरवली? कोणालाच माहीत नाही. हे दिवे मागितले कोणी? तेही कोणाला माहीत नाही. आमच्या पाड्याने मागितली होती ती विहिरीच्या कठड्याची दुरुस्ती.

मग मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला पहिल्या वेळी "संबंधित कर्मचारी रजेवर आहेत" असं तोंडी सांगून परत पाठवलं, पण अर्जावर पोच घेतलेली होती म्हणून शेवटी कागद मिळाले. ते कागद मी रात्री घरी पसरून बघितले. माझी आई बाजूला बसून नाचणी पाखडत होती. तिने विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, "तुझा अंगठा निघाला."

ठरावावर खरंच तिचा अंगठा होता. त्या दिवशी ग्रामसभेत घरकुलाच्या यादीची चर्चा झाली होती, तेवढंच तिला आठवतं. सह्या आणि अंगठे घेतले, चहा झाला, माणसं घरी गेली. प्रोसिडिंग नंतर लिहिलं गेलं. घरकुलाच्या खाली जागा होती, तिथे दिव्यांचा ठराव आला. सूचक म्हणून ज्याचं नाव आहे तो भाऊ त्या महिन्यात वीटभट्टीवर होता.

पुढे तीन दरपत्रकं होती. नियम असा की लहान खरेदीला निदान तीन दुकानदारांचे दर मागवायचे आणि कमी दराच्या माणसाला काम द्यायचं. मोठ्या रकमेला ई-निविदा लागते. म्हणून मोठं काम तोडून लहान करतात, नऊ पाड्यांचे दिवे एकदम न घेता पाड्यापाड्याने घेतात. नियमात असे तुकडे पाडायला मनाई आहे, पण बघतो कोण. तर ती तीन दरपत्रकं. तीन वेगळी लेटरहेड, तीन वेगळे शिक्के, आणि तिन्हींवर आमच्या गावाचं नाव एकसारखं चुकलेलं. एकाच माणसाने एकाच मशीनवर टाईप केल्याशिवाय अशी चूक होत नाही. मी तालुक्याच्या बाजारात तेवढ्याच वॅटच्या दिव्याचा भाव विचारला. खांब, पाया, गाडीभाडं, जीएसटी सगळं धरलं तरी बिलाच्या निम्म्यापर्यंत पोचत नव्हतं.

एक कागद मात्र उपयोगाचा निघाला. बिलाला जोडून पाच वर्षांच्या देखभालीची हमी होती. म्हणजे बंद पडलेला दिवा फुकट दुरुस्त करून देणं पुरवठादारावर बंधनकारक. हे पाड्यावर कोणालाही सांगितलं नव्हतं. आम्ही पंचवीस बायांच्या सह्यांनी पत्र दिलं, एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याला. एकवीस दिवसांनी माणूस आला, दोन दिव्यांच्या बॅटऱ्या बदलून गेला. तिसऱ्याचं अजून भांडण चालू आहे.

आता हा पैसा कुठला ते सांगते, कारण दोन पैशांचा घोळ सगळीकडे होतो. एक पैसा वित्त आयोगाचा. तो केंद्राचा, सगळ्याच गावांना येतो. पंधराव्या आयोगात २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, आणि ४० टक्के अबंधित. दुसरा पैसा पेसाचा अबंध निधी. तो फक्त अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना, म्हणजे महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांतल्या आपल्यासारख्यांना. २१ एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के रक्कम थेट ग्रामपंचायतींना द्यायचं ठरलं. ग्रामसेवक "अबंधित संपला" म्हणाला की पहिलं विचारायचं, कुठला? आयोगाचा की पेसाचा? दोन्हीचा हिशोब वेगळा असतो.

पेसाच्या पैशात दुसरी गोष्ट अशी की एका ग्रामपंचायतीत अनेक गावं-पाडे असतील तर लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा पडतो. आमच्याकडे रस्त्यालगतच्या दोन पाड्यांवर पेव्हर ब्लॉक बसले, कमान झाली, व्यायामाची लोखंडी मशीनं आली (त्यावर आता कपडे वाळतात). वरच्या चार पाड्यांच्या नावावर काय खर्च झाला ते कागदावर सापडतं, जमिनीवर सापडत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला आपल्या जुन्या दादांना मुद्दाम सांगायची आहे. हा निधी कशावर खर्च करायचा त्याच्या बाबी ठरवून दिल्या आहेत. पायाभूत सुविधा ही त्यातली एक. आरोग्य, स्वच्छता, शिक्षण ही एक. वनीकरण, जलसंधारण, जंगलावरची उपजीविका ही एक. आणि एक बाब आहे वनहक्क कायदा आणि पेसाची अंमलबजावणी. म्हणजे आपण वर्गणी काढून, कोंबडी विकून सामूहिक हक्काच्या हद्दीचे जीपीएसचे फेरे मारतो, नकाशाच्या झेरॉक्स काढतो, जंगलाचा आराखडा करायला माणूस बोलावतो, त्याला या निधीत जागा आहे. तो पैसा कमानीत गेला. मग जंगलाची लढाई आणि ग्रामपंचायतीचा हिशोब ही दोन वेगळी कामं कशी?

कायदा आपल्या बाजूने किती आहे ते बघा. १९९६ चा पेसा कायदा म्हणतो की गावाच्या विकासाची योजना आधी ग्रामसभेने मंजूर करायची, मग ग्रामपंचायतीने कामाला हात घालायचा. आणि खर्च झाल्यावर तो पैसा बरोबर वापरला असं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचं. ग्रामसेवकाने लिहून, सरपंचाने शिक्का मारून वर पाठवायचं नाही, आपल्याकडून घ्यायचं. मी कागदांत हे प्रमाणपत्र शोधलं. होतं. त्यावरही त्याच दिवसाचे अंगठे.

पण कायदा वहीत राहतो आणि पैसा डोंगलमध्ये. आता पैसे चेकने फारसे जात नाहीत, ऑनलाइन जातात. त्याला ग्रामसेवकाची एक आणि सरपंचाची एक अशा दोन डिजिटल सह्या लागतात, त्या पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असतात. आमची सरपंच बाई. तिचं डोंगल कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "ते भाऊंच्या पिशवीत असतं." भाऊ म्हणजे ग्रामसेवक. एकाच्या हातात दोन्ही सह्या असतील तर दोन सह्या कशाला ठेवल्यात? आणि ही सरपंच आपल्या संघटनेच्या ताकदीवर निवडून आली आहे हे मी लपवणार नाही. आपण तिच्यासाठी घरोघर फिरलो. निवडून आल्यावर तिच्यासोबत एकदा तरी पंचायतीत बसलो का? तिला नमुना नंबर ५ ची रोकडवही वाचायला कोणी शिकवलं? ती चोर आहे असं मी म्हणत नाही. तिला एकटं सोडलं, आणि एकट्या माणसाला पुरवठादार बरोबर गाठतो. तो फाईल तयार करूनच येतो, ठरावाचा मसुदासुद्धा त्याच्या बॅगेत असतो. आधी वस्तू ठरते, गरज नंतर लिहितात.

हे फक्त गावातच होतं असं समजू नका. आदिवासी विकास खात्याच्या २००४-०५ ते २००८-०९ या वर्षांतल्या खरेदी-वाटपाची चौकशी करायला मुंबई उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली होती. इंजिनं, पाईप, गॅस, असल्या वस्तू. अहवाल आला २०१७ साली. तोपर्यंत ज्यांच्या नावावर इंजिन पडलं त्यातले किती म्हातारे होऊन गेले असतील. मी स्वतः आश्रमशाळेत शिकले. एका वर्षी आम्हाला स्वेटर मिळाला तेव्हा शिमगा जवळ आला होता. सही मात्र आमच्याकडून थंडीतच घेतली होती.

कोणी म्हणेल, आपल्या अडाणी माणसांना निविदा-बिविदा जमणार नाही. गडचिरोलीत जाऊन बघा. मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतुकीच्या पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. बांबू त्यांनी स्वतः विकला. त्या भागातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात, ठेकेदाराशी करार करतात, मजुरी वाटतात. तिथेही भांडणं होतात, ठेकेदार पैसे बुडवतो, सगळं गोड नाही. पण दर किती आला हे पाड्यावरच्या म्हातारीलाही माहीत असतं. विकताना जमतं तर विकत घेताना का नाही जमणार?

आमच्या पाड्याने आता एवढं ठरवलं आहे. प्रोसिडिंग मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारल्याशिवाय कोणी सही-अंगठा करायचा नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती कागदावर नाही, खरोखर वडाखाली घ्यायची आणि मागणी तिथे लिहायची. वस्तू आली की पाड्यावरचे दोघं मोजून घेतील, आणि त्यांची सही नसलेल्या बिलाबद्दल ग्रामसभेत प्रश्न विचारायचा. डोंगल सरपंच बाईने स्वतःच्या घरी ठेवायचं. हे सांगायला आम्ही सहा जणी तिच्याकडे गेलो, तर ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली की मलाही तेच पाहिजे होतं पण मागायला सोबत कोणी नव्हतं. पाड्याला वेगळं गाव म्हणून जाहीर करण्याचा ठरावही आम्ही उपविभागीय अधिकाऱ्याकडे देणार आहोत, म्हणजे आमची ग्रामसभा आमच्याच पाड्यावर भरेल. त्याचा नमुना पाहिजे असेल तर संघटनेच्या मीटिंगला मागा, माझ्याकडे हाताने लिहिलेला आहे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा आराखडा येईल. ऐकलं आहे की या वेळी पाणी शुद्ध करायचं मशीन आणायचं चाललं आहे. ज्या पाड्यावर विहीर एप्रिलमध्ये आटते तिथे मशीन काय शुद्ध करणार? वरच्या पाड्यांवरच्यांनी सकाळी लवकर निघा. पंचायतीत खुर्च्या कमी आहेत, बसायला गोणपाट आणा. लिहिता येणाऱ्या एका पोराला वही-पेन घेऊन सोबत घ्या.