पाल्यात दडलेला पिवळा रंग

परसातल्या शेवग्याच्या शेंगा आमटीत पडतात आणि पाला जातो शेळीपुढे. बऱ्याच घरांतली ही रीत. पण आयाबहिणींनो, पोराबाळांच्या डोळ्यांचे बळ त्या पाल्यातच आहे.

गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई यांना केशरी रंग येतो तो मुख्यतः कॅरोटिनसारख्या द्रव्यांमुळे. शेवगा, मेथी, माठ यांच्या पानांतही कॅरोटिन भरपूर असते. हिरव्या रंगाखाली झाकले गेल्याने दिसत नाही, इतकेच. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की मूल दिवेलागणीला चाचपडू लागते. आतड्याचे, श्वासनळीचे अस्तर दुबळे होते आणि गोवर, हगवण जास्त छळतात. असे मूल दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. झाकण ठेवून शिजवावी. तेलाची फोडणी जरूर द्यावी. स्निग्धाशिवाय कॅरोटिन नीट अंगी लागत नाही. पाला वाळवायचा तर सावलीत.

आरोग्यसेविका लहानग्यांना अ जीवनसत्त्वाचा डोस देते, तो चुकवू नये. मोठ्यांनी मात्र आपल्या मनाने कॅरोटिनच्या गोळ्या घेऊ नयेत. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांची चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला : गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट वाढला.

तेव्हा शेळीला दुसरा पाला घाला. शेवग्याचा मूठभर वरणात पडू द्या.