पुस्तकांची पेटी गावात फिरू द्या

सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती वाचायला काही पडलेच नाही, तर शिकलेले विसरायला कितीसा वेळ लागणार? म्हणून 1910 साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि संस्थानात गावोगावी मोफत ग्रंथालये उभी करायला घेतली.

त्या योजनेतला पैशाचा हिशेब आजही अभ्यासण्यासारखा आहे. गावाने ठरलेल्या मर्यादेपर्यंत वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तिघांचा वाटा सारखा! गावाची वर्गणी गुंतलेली असल्याने ग्रंथालय गावाला आपले वाटे. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोसे. निरक्षरांनाही वगळले नव्हते. त्यांच्यासाठी पडद्यावर चित्रे दाखवणारी वेगळी शाखा होती.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालये आज राज्यात आहेत. एवढे मोठे जाळे असूनही अनेक गावांत चित्र एकच दिसते. संध्याकाळी दार उघडते, चार ज्येष्ठ नागरिक पेपर चाळतात, कथा-कादंबऱ्या कपाटात कुलूपबंद असतात. शाळा दोन गल्ल्या पलीकडे असते, पण तिथली मुले ग्रंथालयाची पायरी चढत नाहीत.

याचा दोष ग्रंथपालाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तुटपुंज्या मानधनावर तो देवघेव सांभाळतो, नोंदवह्या लिहितो आणि तपासणीची तयारीही करतो. अनुदानासाठी ग्रंथालयाचा वर्ग ठरताना पुस्तके, नियतकालिके आणि सभासद यांची संख्या मोजली जाते. शाळेत जाऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवण्यात त्याने तासभर घालवला, तर त्याची दखल कोण घेणार?

पुस्तके दाराबाहेर पडली की काय होते, याची उदाहरणे राज्यातच आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमार्फत विनायक रानडे यांनी 2009 साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, इतकी ही साधी रीत. या पेट्या दुबईतल्या मराठी माणसांपर्यंतही पोहोचल्या. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या भिलारने 2017 साली घरांच्या ओसऱ्या आणि खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. तिथे कोणीही फुकट बसून वाचू शकतो.

अशी कामे एखाद्या धडपड्या माणसावर किंवा एका गावाच्या हौसेवर सोडून चालणार नाहीत. अनुदानाच्या नियमांतच त्यांना जागा हवी. दर महिन्याला ग्रंथालयाची एक पेटी जिल्हा परिषदेच्या शाळेत जावी आणि दुसरी बचत गटाच्या बैठकीत. अंगणवाडीत चित्रांची पुस्तके पोहोचावीत. या कामाचे तास तपासणीत धरले जावेत आणि त्यासाठी ग्रंथपालाला वेगळा भत्ता मिळावा. ग्रामपंचायतीनेही आपल्या अंदाजपत्रकात ग्रंथालयासाठी रक्कम ठेवावी आणि जेवढी ती ठेवेल तेवढीच भर राज्याने घालावी. सरकारने निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यापासून येत्या शैक्षणिक वर्षात ही सुरुवात करावी.