वाक्य संतांचे, माल कंपनीचा

रमजान सुरू झाला की परळ-भोईवाड्यापासून मोहम्मद अली रोडपर्यंत फलकांची भाषा बदलते. खजूर, सरबत, अत्तर, मोबाइल, अगदी घरकर्ज विकणाऱ्यांनाही सब्र आणि इबादत आठवते. चाँद-मिनाराच्या चित्राखाली रूमींच्या नावाचे एक वाक्य, कधी हदीसचा तुकडा, आणि लगेच खाली सवलतीची टक्केवारी. ईदच्या बाजारावर कित्येक घरांचे वर्षाचे गणित चालते, त्यामुळे धंद्याला नाव ठेवायचे कारण नाही. प्रश्न त्या वाक्याचा आहे.

असे वाक्य जाहिरातीत गेल्यावर त्याचे काय होते, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणात उघड दिसले. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग नागरी हक्कांचे नेते म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. मूळचे ते धर्मोपदेशक. ४ फेब्रुवारी १९६८ रोजी अटलांटाच्या एबेनेझर चर्चमध्ये त्यांनी प्रवचन दिले. मोठेपणा हवा असेल तर सेवा करा, हा त्याचा गाभा. बरोबर पन्नास वर्षांनी, ४ फेब्रुवारी २०१८ रोजी, ‘सुपर बोल’ सामन्याच्या वेळी त्याच प्रवचनाचे तुकडे किंग यांच्याच आवाजात ‘रॅम’ ट्रकच्या जाहिरातीत वाजले. ट्रक फियाट क्रायस्लर कंपनीचा. गंमत अशी, की शेजाऱ्याला हेवा वाटावा म्हणून जाहिरातदार आपल्याला वस्तू घ्यायला कसे लावतात, ऐपत नसलेले लोक कॅडिलॅक आणि क्रायस्लर कसे मिरवतात, यावर किंग यांनी त्याच प्रवचनात बोट ठेवले होते. तो भाग अर्थातच गाळला गेला. टीकेचे मोहोळ उठले, पण बेकायदा काहीच नव्हते. वारसांच्या वतीने रीतसर परवानगी मिळाली होती.

आपल्याकडे कायदा आहे, पण तो मुख्यतः नावापुरता. १९५० च्या कायद्यानुसार छत्रपती शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी यांचे नाव आणि चित्र केंद्राच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही. २००९ मध्ये एका परदेशी कंपनीने गांधीजींच्या नावाने सुमारे अकरा लाखांचे सोन्याचे पेन काढले, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीचा ट्रेडमार्क म्हणून नाकारले. रूमी मात्र १२७३ मध्ये कोन्यात वारले. त्यांच्या शब्दांसाठी परवानगी मागायची कोणाकडे? शिवाय त्यांच्या नावावर फिरणारी बरीच वाक्ये त्यांच्या मसनवीत सापडतही नाहीत.

रोजा माणसाला हात आखडायला शिकवतो. त्याच महिन्यात संयमाचे वाक्य हात सैल सोडण्यासाठी वापरले जाते, आणि ऐकणाऱ्याला त्यात विसंगती वाटेनाशी होते. बेअदबी झाली म्हणून गोंधळ घालण्यापेक्षा हे जास्त चिंतेचे आहे. तरावीहनंतर हदीस छापलेल्या पिशव्या आणि पत्रके पायदळी येतात, तेव्हा त्या उचलून ठेवणारे असतात; त्या छापणाऱ्याला जाब विचारणारे फार थोडे. ‘रमजान मुबारक’ आणि खजुराचा भाव, एवढे लिहिले तरी गिऱ्हाईक येतेच.